पेट्रोल कुणाचं, झेंडा कुणाचा?



हे वाचून आपल्यातलेच काही जण माझ्यावर चिडणार. चिडा. मी स्वतःवर चिडलोय म्हणूनच लिहायला बसलोय.

विषय साधा आहे. १४ एप्रिलची मोटारसायकल रॅली. खुटबाववरून निघायची, केडगाव, चौफुला करून हायवेने यवतला जायची आणि परत वस्तीत यायची. मी सूतगिरणीत डॉफर आहे. रात्रभर रिंगफ्रेमवरून भरलेल्या बॉबिनी उतरवल्या आणि सकाळी पाळी सुटली तसा थेट गावाला आलो. कानात मशीन चालूच होतं, केसांत रुई होती. अंघोळ केली, पांढरा शर्ट घातला, निळा फेटा बांधला. मला स्वतःची गाडी नाही. मित्राच्या गाडीवर मागे बसून मी झेंडा धरला. पहिली ओळ. फोटोत मी स्पष्ट दिसतो.

आता फोटोत जे दिसत नाहीत त्यांचं सांगतो.

पहिली माझी थोरली बहीण. आक्का केडगावला शिलाईच्या दुकानात बसते. हप्त्यावर स्कुटी घेतलीय, हप्ते स्वतः फेडते. त्या दिवशी तिने स्कुटी पुसली, हँडलला निळं रिबन बांधलं, मागे पोरीला बसवलं आणि रांगेत येऊन उभी राहिली. मंडळाचा एक गडी तिच्याजवळ गेला. म्हणाला, "आक्का, बायांचं संध्याकाळी हाय की. इथं गर्दी, कुनी काय बोललं तर कुनाचं नाव घ्यायचं? तुमी खिरीचं बघा." आक्काने माझ्याकडे बघितलं. मी झेंड्याकडे बघितलं. तिने स्कुटी वळवली.

दुसरा माझ्या शाळेतला दोस्त, मातंग वस्तीतला. त्याच्या गाडीला दोन झेंडे होते, एक निळा, एक पिवळा. त्याला सांगितलं, "पिवळा काढ. तुमची एक ऑगस्टला आसती ना जयंती? तवा लाव." तो म्हणाला, "अण्णाभाऊ तुमचे न्हाईत का? आन् बाबासाहेब माझे न्हाईत का?" कुणी उत्तर दिलं नाही. तो पिवळा न काढता निघून गेला. बरोबर केलं त्याने.

तिसरा पारधी वस्तीवरचा पोरगा. जुनी गाडी, नंबरप्लेट वाकडी, कागद अर्धे. त्याला म्हणाले, "पोलिसांनी तुला धरलं तर सगळ्या रॅलीवर येईल." आता खरं सांगा, आपल्या किती गाड्यांचे कागद पुरे होते? किती जणांच्या खिशात लायसन होतं? कागद एकट्या त्याचेच विचारले, कारण तो पारधी. १८७१ साली इंग्रजाने कायदा करून माणसांच्या अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. आपल्या डोक्यातून अजून गेला नाही, हे मला १४ एप्रिलला कळलं. तेही निळ्या फेट्यातल्या डोक्यातून.

आणि चौथा. त्याला कुणी अडवलं नाही. पांढरी गाडी आली, चार माणसं उतरली, मध्ये तो. नाव घेत नाही, दर तालुक्यात एक असतोच. त्याने प्रत्येक मोटारसायकलीला एक लिटर पेट्रोलचं कुपन वाटलं होतं. म्हणून बाबासाहेबांच्या फोटोशेजारी त्याचा फोटो, आणि त्याचाच जरा मोठा. त्याला हार घातला. त्याच्यासाठी रांग फाकवली. रॅली सुरू करायला त्याला झेंडा पाहिजे होता, तर माझ्या हातातला घेतला. मी दिला. अदबीने दिला! २०२२ च्या शेवटाला गायरानावरच्या घरांना नोटिसा आल्या तेव्हा हाच माणूस आपला फोन उचलत नव्हता, हे मला ठाऊक होतं. तरी दिला.

चार माणसं आली. तिघं परत गेली, एक पुढे उभा राहिला. ह्याला आपण जयंती म्हणालो.

आता थांबा. रॅलीला नावं ठेवणारी दुसरी जात आहे, तिचाही हिशोब करू. गावातली शहाणी माणसं म्हणतात, काय हा धिंगाणा, हॉर्न, धूर, पुस्तकं वाचा की. ह्यांच्या लग्नाच्या वरातीत हायवे दोन तास बंद पडतो तेव्हा ह्यांना पुस्तक आठवत नाही. त्यांना मी एवढंच सांगतो: माझा आजा सायकल घेऊन चावडीपुढनं जायचा तेव्हा खाली उतरून, हातात धरून, मान घालून जायचा. चावडी मागे पडली की परत टांग टाकायचा. सायकल त्याची, पैसे त्याचे, रस्ता सरकारी. तरी बसायची छाती नव्हती. त्याच रस्त्याने नातू गाडीवर छाती काढून जातो, हॉर्न देतो, त्याचा तुम्हाला त्रास होतो. होऊ द्या. तो हॉर्न आज्याच्या वाटचा आहे. मी रॅलीच्या विरोधात नाही, कधी होणारही नाही.

पण म्हणूनच विचारतो. ज्याला चावडीपुढे उतरावं लागलं त्याच्या नातवाने दुसऱ्या कुणाला गाडीवरून उतरायला सांगायचं? कुठल्या तोंडाने?

मंडळाचे पोर मला म्हणतात, तुला जबाबदारी नाही म्हणून तू बोलतोस. २०१८ विसरलास का? विसरलो नाही. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमाला, सणसवाडीला काय झालं, किती गाड्या जळाल्या, ते इथल्या पोराला कुणी शिकवायला नको. आपल्या गावावरून पारगाव, न्हावरा, शिक्रापूर करत तिकडे जाणारा रस्ता आहे. २०२३ च्या १ जूनला नांदेडजवळ बोंढार हवेलीत आपल्या एका पोराचा खून झाला. गावात जयंती काढल्याच्या रागातून झाला, अशी फिर्याद घरच्यांनी दिली. भीती खोटी नाही, मी तिची चेष्टा करत नाही. पण भीतीचं औषध म्हणून बाई घरी बसवायची, हे कुठल्या वैद्याने सांगितलं? दर १ जानेवारीला कोरेगावला लाखो माणूस येतो. त्यात म्हाताऱ्या आहेत, कडेवर पोर घेतलेल्या बाया आहेत, टेंपोत, एसटीत, पायी. २०१८ ला त्याही होत्या. २०१९ ला त्या परत आल्या. त्यांनी आपल्याला विचारलं नव्हतं की येऊ का.

आणि ह्या बाया काही आज आलेल्या नाहीत. डिसेंबर १९२७ ला महाडच्या परिषदेत बाया होत्या, बाबासाहेब त्यांच्याशी वेगळं बसून बोलले. २ मार्च १९३० ला नाशकात काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला, त्यात बाया होत्या. २० जुलै १९४२ ला नागपूरला अस्पृश्य महिलांची परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, आणि बाबासाहेब भाषणाला. १९६४ ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तेव्हा बाया पोरंबाळं घेऊन तुरुंगात गेल्या. तुरुंगात जायला बाई चालते आणि यवतपर्यंत स्कुटीवर जायला चालत नाही? हा कुठला आंबेडकरवाद?

मातंगाचं घ्या. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. मांग समाजातली पोर, जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी. आपल्या दुःखावर छापील अक्षरात बोलणाऱ्या पहिल्या माणसांत ती आहे. तिने निबंध कुणाच्या दुःखावर लिहिला? मांगांच्या आणि महारांच्या. दोघांच्या. तिच्या निबंधात तुम्हाला जागा मिळाली, तुमच्या रॅलीत तिच्या पोरांना जागा नाही.

हा वाद नवा नाही, हेही तरुणांनी माहीत करून घ्यावं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली. १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित कोण, याचं उत्तर लिहिलं होतं. त्यात अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, सगळे पिळले जाणारे धरले होते. त्यावरून भांडण झालं आणि १९७४ ला पँथर फुटली. कोण बरोबर, कोण चूक, ह्यावर आपली म्हातारी माणसं आजही चहा गार होईपर्यंत भांडतात. मी त्या भांडणात पडत नाही. पण ज्या प्रश्नावर एवढी मोठी संघटना फुटली, तो प्रश्न आपण खुटबावच्या रस्त्यावर दोन मिनिटांत निकालात काढला, तोही कुणाशी न बोलता. एक पँथर म्हणाला असेल जग बदलू, दुसरा म्हणाला असेल आधी आपला धम्म सांभाळू. आपण काय म्हणालो? ज्याचं पेट्रोल तो पुढे.

पेट्रोलचा हिशोबही मांडतो, गिरणीत नगाचा हिशोब करायची सवय आहे. शंभर गाड्या, शंभर लिटर. लिटर शंभराच्या वरच आहे, म्हणजे दहा-अकरा हजार रुपये झाले. एवढ्यात आपली १४ एप्रिल गेली. आपल्या वस्तीत साठ घरं आहेत. घरटी दोनशे रुपये काढले तर बारा हजार होतात. दोनशे म्हणजे काय? शेतावर जाणाऱ्या बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी. महाडला माणसं भाकरी बांधून पायी आली होती. त्यांना कुणी कुपन दिलं नव्हतं, म्हणून त्यांच्या पुढे कुणी पांढऱ्या गाडीतला उभा नव्हता.

आपली रॅली केडगावातून गेली. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, आपण त्याच गावातून हॉर्न वाजवत गेलो. जन्माने ब्राह्मण, पुढे ख्रिस्ती झालेली बाई. तिच्या धर्माशी आपलं देणंघेणं नसेल. पण १८९६-९७ च्या दुष्काळात तिने मध्य प्रांतातून विधवा, टाकलेल्या, उपाशी पोरीबाळी आणल्या आणि ह्या माळावर त्यांना जागा दिली. जिला कुठेच जागा नाही तिला आधी, असा तिचा हिशोब. आपल्या शेजारच्या स्टेशनावर सव्वाशे वर्षांपूर्वी हे झालंय. आपण बरोबर उलटा हिशोब केला, ज्याला सगळीकडे जागा आहे त्याला आधी.

मग रॅलीत कोण यावं? माझं म्हणणं सरळ सांगतो, मंडळाच्या बैठकीत हेच मांडणार आहे.

गाडी असलेली बाई यावी आणि मधल्या ओळीत नाही, जिथे तिला वाटेल तिथे यावी. कुणी काही बोललं तर ती बघेल आणि आपण तिच्या बाजूला असू. पिवळा झेंडा यावा, निळ्याच्या शेजारी यावा, आणि एक ऑगस्टला आपल्या गाड्या तिकडे न बोलावता जाव्यात. पारधी पोरगा यावा. कागद बघायचे तर रांगेतल्या पहिल्या गाडीपासून सगळ्यांचे बघा, नाहीतर कुणाचेच नको. ज्याला गाडी नाही तो यावा. ऊसतोडीची बाई, म्हातारा, अपंग, ह्यांच्यासाठी पुढे एक टेंपो असावा आणि रॅलीचा वेग त्या टेंपोचा असावा. मागून ओरडू नका की फास्ट चला.

गावातला मराठा, धनगर, मुसलमान दोस्त यावा का? यावा. विजयस्तंभावरच्या नावांत 'नाक' लावलेली आपली नावं आहेत, आणि दुसरीही आहेत. पण एक अट. रॅली त्याच्या आळीतून जाईल तेव्हा त्याने तोंड लपवायचं नाही. झेंडा हातात धरून स्वतःच्या घरापुढून जायचं, आईबाप दारात उभे असले तरी. आपल्या वस्तीत येऊन जयभीम म्हणणं सोपं आहे.

आणि कुपनवाला? त्यालाही बंदी नको. त्याने यावं, कुपन न देता, फ्लेक्स न लावता, टेंपोच्या मागे, बाकीच्यांसारखं. येत नाही बघा.

आता माझं. मी आक्काकडे जाऊन बोललो. माफी वगैरे शब्द आपल्या घरात वापरत नाहीत. मी म्हणालो, पुढच्या वर्षी तू चालव, मी मागं बसतो. ती शिलाई करत होती. मान वर न करता म्हणाली, "पुढच्या वर्षाचं कशाला? एक जानेवारी हाय की आधी. कोरेगावला जायचंय मला. येतोस का, का खीर करतोस?"

मी रजा टाकलीय. न्हावऱ्याच्या रस्त्याने जाणार आहोत. आक्का स्कुटी चालवणार, मी मागे. मातंग दोस्ताला विचारलंय, तो म्हणाला बघतो. पारधी वस्तीवर अजून जायचं आहे. तिथे जायला मला आपली लाज वाटते, पण जाणार.

ज्यांना पटतं त्यांनी चौफुल्यावर भेटा. ज्यांना पटत नाही त्यांनीही भेटा, तिथे भांडू. पेट्रोल आपापलं आणा.

जयभीम.