२२ दिवसांत फक्त दोन अणू! पण ते सापडले हे शास्त्रज्ञांना कळतं कसं?

२३ जुलै २०२४ रोजी अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने जाहीर केलं, की लिव्हरमोरियम या ११६ क्रमांकाच्या मूलद्रव्याचे दोन अणू तयार झाले आहेत. २२ दिवस यंत्र चालवून फक्त दोन. बरं, मूलद्रव्यही नवं नव्हतं, रशियातल्या दुब्नामध्ये ते २००० सालीच बनलं होतं. तरी याची बातमी झाली, कारण पद्धत नवी होती.

११४ ते ११८ ही मूलद्रव्यं कॅल्शियम-४८ चे कण जड धातूंवर आदळवून मिळाली. त्याच वाटेने ११९ आणि १२० गाठायचं तर समोर आईन्स्टाइनियम किंवा फर्मियम ठेवावं लागतं आणि ते पुरेसं मिळतच नाही. म्हणून बर्कलीने टायटॅनियम-५० घेतलं आणि प्लुटोनियमवर सोडलं, सेकंदाला सुमारे ६ लाख कोटी कण. टायटॅनियमचे २२ प्रोटॉन, प्लुटोनियमचे ९४. बेरीज ११६.

पाहिलं कोणी?

कोणीच नाही. हे अणू डोळ्याची पापणी लवायच्या आत मोडतात. ते मोडताना जे मागे सोडतात, तोच पुरावा. जड केंद्रकातून दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनचा एक घट्ट गठ्ठा बाहेर पडतो. हा अल्फा क्षय. प्रत्येक वेळी क्रमांक दोनने उतरतो: ११६ वरून ११४, तिथून ११२. डिटेक्टरवर त्याच जागी एकामागून एक नोंदी होतात आणि त्यावरून मूळ अणू कोणता होता ते काढलं जातं. वंशावळ नातवाकडून आजोबांकडे वाचावी, तसं.

यात एक कुलूप आहे. अल्फा कणाकडे केंद्रकाची भिंत ओलांडण्याइतकी ऊर्जा नसते, तो भिंतीतूनच आरपार निसटतो. जॉर्ज गॅमोने १९२८ मध्ये हे गणितात मांडलं. ऊर्जा जरा वाढली, की निसटणं प्रचंड सोपं होतं. पोलोनियम-२१२ चा अल्फा कण युरेनियम-२३८ च्या कणापेक्षा जेमतेम दुप्पट ऊर्जेचा असतो. पण युरेनियमचं अर्धायुष्य सुमारे ४५० कोटी वर्षं आणि या पोलोनियमचं सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी! त्यामुळे नोंदीतली ऊर्जा आणि वेळ यांचा मेळ बसला नाही, तर शंका येते.

आणि मेळ ‘बसवला’ तर?

तेही झालंय, याच बर्कलीत. १९९९ मध्ये तिथल्या चमूने शिशावर क्रिप्टॉन आदळवून ११८ क्रमांक मिळाल्याचा दावा केला. तीन अल्फा साखळ्या दाखवल्या. जर्मनी आणि जपानमधल्या प्रयोगशाळांनी तोच प्रयोग केला, हाती काही लागलं नाही. बर्कलीने मूळ नोंदी पुन्हा उघडल्या, तर त्या साखळ्या तिथे नव्हत्याच. २००१ मध्ये दावा मागे घेतला गेला. चौकशीत आकडे बनावट निघाले आणि एका शास्त्रज्ञाची नोकरी गेली. खरं ११८ पुढे दुब्नामध्ये रशियन-अमेरिकी चमूने बनवलं, त्याला अधिकृत मान्यता मिळाली डिसेंबर २०१५ मध्ये.

आता बर्कलीचं लक्ष्य १२० आहे. टायटॅनियम तेच, समोर प्लुटोनियमऐवजी कॅलिफोर्नियम. ११६ च्या तुलनेत सुमारे दहापट वेळ लागेल, असा प्रयोगशाळेचाच अंदाज आहे. म्हणजे महिनोन्‌महिने यंत्र चालवून एखाददुसरी साखळी. अशा वेळी चांगली गोष्ट एकच: साखळी उतरत उतरत आधीच ओळखीच्या अणूपाशी पोहोचली, तर तिची ऊर्जा आणि वेळ जुन्या नोंदींशी ताडून पाहता येते. ती ओळखीच्या अणूपाशी पोहोचलीच नाही, तर दुसऱ्या प्रयोगशाळेने तोच प्रयोग करेपर्यंत थांबावं लागेल.