संमतीचे वय आणि संमती

व्यापारी मनुष्य सौद्याच्या कामी मोठा दक्ष असतो. समोरचा इसम अज्ञान की सज्ञान, त्याने सही राजीखुशीने केली की दडपणाखाली, हे पाहिल्यावाचून तो एक पैही गुंतवीत नाही. कायदाही त्यास अनुकूल आहे. १८७२ च्या कराराच्या कायद्याने जबरदस्तीने, गैरवाजवी दडपणाने अथवा फसवणुकीने मिळविलेली संमती खरी मानली नाही. १८७५ च्या कायद्याने सज्ञानतेचे सर्वसाधारण वय १८ ठरविले. मात्र विवाहाची बाब त्यातून वगळली. परिणाम असा झाला की, बारा वर्षांच्या मुलीस आपले शेत विकता येत नव्हते, पण तिचा देह दुसऱ्याच्या स्वाधीन करण्यास कोणाची आडकाठी नव्हती. मालमत्तेच्या संमतीस इतके जपणाऱ्या समाजाने देहाच्या संमतीस इतके स्वस्त का लेखावे, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे मांडीत आहों.

१८६० च्या दंडसंहितेने संमतीचे वय अवघे १० वर्षे ठेविले होते. त्याचे फळ १८९० साली कलकत्त्यास चाललेल्या फुलमणी दासीच्या खटल्यात दिसले. दहा-अकरा वर्षांची ही मुलगी पतीच्या बळजोरीने मरण पावली. परंतु तिला दहा वर्षे पुरी झाली होती, सबब बलात्काराचा आरोप टिकेना. पस्तिशीच्या त्या पतीस वर्षाची सक्तमजुरी तेवढी झाली. बेहरामजी मलबारी यांची खटपट चालू होतीच. तीस या खटल्याने बळ आले, आणि १८९१ च्या कायद्याने हे वय १२ झाले. दोन वर्षांच्या या वाढीवरून केवढा गहजब झाला! परकी सरकारने आमच्या आचारात हात घालू नये, असे टिळकांचे म्हणणे होते. आगरकर व भांडारकर यांनी कायद्याचा पक्ष घेतला.

परंतु दोन्ही पक्ष मुख्यतः वर्षेच मोजीत होते. मूळ प्रश्न त्यापूर्वीच मुंबईत रखमाबाईंनी उपस्थित केला होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या बाईंवर पतीने १८८४ साली नांदावयास येण्याचा दावा लावला. अजाणपणी, आपल्या इच्छेवाचून झालेले लग्न आपणांस बांधू शकत नाही, हे त्यांचे म्हणणे. १८८७ साली न्यायालयाने पतीकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढे १८८८ साली तडजोड झाली, आणि रखमाबाई विलायतेहून डॉक्टर होऊन परतल्या. वय किती, यापेक्षा इच्छा आहे की नाही, हे विचारण्याचे धैर्य त्या एका बाईत होते.

पुढे आकडा चढत गेला. २०१२-१३ मध्ये तो १८ वर आला. पत्नीस मात्र त्याचा लाभ मिळण्यास सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल लागला. रखमाबाईंचा प्रश्न मात्र तसाच उभा आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही, पत्नी १८ वर्षांखालील नसेल तर एकत्र नांदणाऱ्या पतीने तिच्यावर केलेली बळजोरी बलात्कार ठरत नाही. विवाहाबरोबर दिलेली संमती पत्नीस परत घेता येत नाही, हे मत सतराव्या शतकातील इंग्लिश न्यायाधीश मॅथ्यू हेल यांनी मांडले होते. इंग्लंडने ते १९९१ साली टाकून दिले. आम्ही अजून सांभाळून ठेविले आहे.

कित्येक म्हणतात, हा अपवाद काढल्यास संसार मोडतील व खोट्या फिर्यादी होतील. खोटी फिर्याद चोरीचीही होते. म्हणून चोरीचा कायदा कोणी रद्द केला आहे काय? खरेखोटे पारखण्यासाठीच न्यायालये असतात. दुसरे कित्येक २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याकडे बोट दाखवितात. त्याने पीडितेस संरक्षण मिळते, हे खरे. पण बळजोरीस बलात्कार म्हणण्याचे त्याने टाळलेच आहे. आणि जो संसार पत्नीच्या 'नाही' या एका शब्दाने मोडतो, तो त्यापूर्वी अखंड होता, असे कोण म्हणेल?

एकदा माल घेतला म्हणजे जन्मभर त्याच दुकानी घेतलाच पाहिजे, असा करार कोणी व्यापारी मान्य करणार नाही. मग आपल्या लेकीसुनांवर तो कोणत्या न्यायाने लादावा? हा अपवाद कायद्यातून काढावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोवर प्रत्येक गृहस्थाने आपल्या घरी तो आजच रद्द करावा; त्यास कोणत्याही सरकारच्या मंजुरीची गरज नाही.