कुपीत औषध किती?

मधुमेह आणि लठ्ठपणावरचे सेमाग्लुटाइड हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणाऱ्या संकेतस्थळांवर अमेरिका आणि हंगेरीतील संशोधकांनी ग्राहक म्हणून सहा मागण्या नोंदवल्या. तीन ठिकाणांहून माल आलाच नाही. कस्टम्समधून सोडवण्याच्या नावाखाली आणखी पैसे मात्र मागितले गेले. उरलेल्या तीन ठिकाणच्या कुप्या प्रयोगशाळेत गेल्या. शुद्धतेचा दावा ९९ टक्क्यांचा होता, ती निघाली ७ ते १४ टक्क्यांच्या आसपास. शिवाय जिवाणूंच्या आवरणातले एंडोटॉक्सिन हे विषही सापडले. ‘जामा नेटवर्क ओपन’ने २०२४ मध्ये छापलेल्या या अभ्यासातला सर्वांत गंभीर आकडा मात्र मात्रेचा आहे: औषध लेबलपेक्षा २९ ते ३९ टक्के जास्त भरले होते.

जास्त मिळाले तर बिघडले कुठे, असे कोणी म्हणू नये. हे औषध आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवतात, कारण पोटाला ते एकदम सोसत नाही. मात्रा जास्त झाली तर बेसुमार उलट्या, शरीरातले पाणी कमी होणे, स्वादुपिंडाचा दाह इथपर्यंत मजल जाऊ शकते.

चोरवाटेने आलेल्या कुपीत भुकटी असते आणि हिशेब ग्राहकालाच करावा लागतो. दहा मिलिग्रॅमच्या कुपीत दोन मिलिलिटर पाणी घातले, तर १०० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर १० आकड्याच्या रेघेपर्यंत अर्धा मिलिग्रॅम औषध येते. कुपीत मुळात साडेतेरा मिलिग्रॅम असेल, तर तीच रेघ ०.६७५ मिलिग्रॅम देते. आपल्याकडे अजून ४० युनिटची सिरिंजही सर्रास मिळते; तिच्यावरची १० आकड्याची रेघ अडीचपट द्रव ओढते. दोन्ही चुका एकत्र आल्या की मात्रा तिपटीच्या वर जाते.

विक्रेते पुढे करतात ते प्रमाणपत्र बहुधा शुद्धतेचे असते. नमुन्यात हवे ते औषध किती आणि त्यातली अशुद्धी किती, एवढेच ते सांगते. कुपीत आठ मिलिग्रॅम आहे की तेरा, हे त्यातून कळत नाही. भुकटीचे वजन करूनही कळत नाही, कारण तिच्यात मॅनिटॉल, क्षार आणि ओलावा असतो. त्यासाठी प्रमाणित नमुन्याशी तुलना करून मोजणी करावी लागते. तपासायची कुपी विक्रेत्याने निवडली असेल, तर त्या तपासणीला स्वतंत्र म्हणता येणार नाही. नाव न सांगता, वेगवेगळ्या वेळी, एकाच बॅचच्या अनेक कुप्या विकत घेऊन मात्रा, निर्जंतुकता आणि एंडोटॉक्सिन तपासले, तरच निष्कर्षाला अर्थ आहे. तरीही अहवाल असतो तो तपासणीत संपलेल्या कुप्यांचा, ग्राहकाच्या हातातल्या कुपीचा नव्हे.

म्हणून अशी खरेदी आणि तपासणी औषध नियंत्रकांनीच करावी आणि बॅचनिहाय निकाल जाहीर करावेत. ‘केवळ संशोधनासाठी’ या शिक्क्याआड विकली जाणारी सुई कोणी टोचून घेऊ नये. घेतली असेल आणि उलट्या थांबत नसतील, तर लाजेखातर घरी थांबू नका. कुपी आणि सिरिंज सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा आणि किती रेघा घेतल्या ते डॉक्टरांना सांगा.