क्लाइव्हच्या वाड्यातली शाळा

इंग्लंडच्या सरे परगण्यात, एशर गावाजवळ क्लेअरमाँट नावाचा वाडा आहे. 1931 पासून तिथं शाळा भरते. आमचे एक मामू मुलाकडे तिकडे गेले होते. त्यांनी फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, ‘बघ, इंग्रज इमारती कशा जपतात! आपल्याला अक्कल नाही.’

मामू, या वाक्याशीच माझं भांडण आहे.

हा वाडा रॉबर्ट क्लाइव्हनं बांधून घेतला. त्याआधी तिथं व्हॅनब्रू या नामांकित वास्तुकाराचं घर होतं. जागा सखल आणि दमट, म्हणून क्लाइव्हनं ते सरळ पाडलं. जपणुकीची गोष्ट इथून सुरू होते! मग ‘कॅपेबिलिटी’ ब्राऊन आणि हेन्री हॉलंड यांनी उंचवट्यावर नवा वाडा उभारला. उंच जोतं, समोर रुंद पायऱ्या, वर कोरिंथियन खांबांचा दर्शनी मंडप. देखणा आहे, नाकारत नाही. बागेसकट लाखभर पौंड लागले असं सांगतात.

हे पौंड आले कुठून? 1757 मध्ये प्लासीनंतर मुर्शिदाबादच्या खजिन्यातून एकट्या क्लाइव्हला दोन लाखांहून जास्त पौंड मिळाले. वर वर्षाला सत्तावीस हजार पौंडांची जहागीर. वाड्याचं काम 1769 च्या सुमारास सुरू झालं आणि 1774 मध्ये संपलं. याच काळात, 1770 मध्ये, बंगालात भीषण दुष्काळ पडला. वॉरन हेस्टिंग्जच्याच अंदाजानं तिथली एक तृतीयांश प्रजा मेली. कंपनीची महसूलवसुली मात्र थांबली नाही.

वास्तुशास्त्राचे जाणकार खांबांची शैली सांगतात, जोत्याची उंची सांगतात. त्यांच्यापेक्षा सरेचे अडाणी शेतकरी बरे. मेकॉलेनं नोंदवलंय की, सैतान आत येऊ नये म्हणून या दुष्ट लॉर्डानं भिंती एवढ्या जाड करायला सांगितल्यात, अशी कुजबुज ते करायचे. क्लाइव्हला तिथं राहायला मिळालंच नाही. 1774 मध्येच तो लंडनच्या घरी मेला. पुढं राजकन्या शार्लट बाळंतपणात इथं गेली, फ्रान्सचा पदच्युत राजा लुई फिलिप इथंच वारला.

आपल्याकडं काय उरलं? एक शिवी. कुणा मुसलमानाला गद्दार म्हणायचं झालं की ‘मीर जाफरची औलाद’. मीर जाफर गद्दार होताच, त्याची वकिली मी करणार नाही. पण त्या कटात जगत सेठ होते, अमीचंद होता, राय दुर्लभ होता. त्यांची नावं शिवी का झाली नाहीत? आणि ज्यानं हा सौदा केला, त्याच्या घराचे फोटो आपण कौतुकानं पुढं पाठवतो. इथं मात्र जुनी कमान दिसली की आधी काय पाडलं होतं, याचा जाब शेजारच्या पंक्चरवाल्या अब्दुलला विचारला जातो.

हे सगळं मामूंना लिहून पाठवलं. उत्तर आलं, ‘मग काय, पाडायचा का तो वाडा?’

नाही मामू. शाळा आहे ती, राहू द्या. फक्त पुढच्या फोटोखाली मुर्शिदाबादचं नाव लिहा.