खोटा कागद कुणाच्या फायद्याचा?

मी गोदीत पोती उचलतो. वर शिक्का काहीही असो, हूक मारला की आतला माल कळतो.

१९६७ साली अमेरिकेत ‘रिपोर्ट फ्रॉम आयर्न माउंटन’ निघालं. म्हणे १५ जणांच्या गुप्त समितीनं सरकारला सांगितलं : शांतता परवडणार नाही, युद्ध पाहिजेच! १९७२ साली लिओनार्ड ल्युइननं कबूल केलं, हे सगळं मीच रचलं, सत्तेची टिंगल म्हणून. तरी १९९० नंतर बंदूकवाल्या गोऱ्या उजव्या टोळ्यांनी तेच खरं मानून डोक्यावर घेतलं.

लोक येडे होते? नाही. १९६४ साली टोंकिनच्या आखातात न झालेल्या हल्ल्याची बोंब ठोकून सरकारनं व्हिएतनामवर बॉम्ब टाकले. टस्कीगीत १९३२ ते १९७२ सुमारे ४०० काळ्या माणसांची गरमी औषधाविना नुसती बघत बसले. सरकारच खोटारडं, म्हणून खोटा कागद खपला.

पण ही पापं उघडी पडली ती अस्सल कागदांनी, आतल्या माणसांच्या साक्षीनं. बनावट कागदानं सरकारचंच फावतं. उद्या तुम्ही खरा पुरावा आणा, ते म्हणणार, हाही तसलाच!

संताप विझू देऊ नका. पण आधी हूक मारा, मग बोंब मारा.