प्रेमकथेतल्या गावाला माणसे हवीत

लग्न मोडलेली, नोकरीला विटलेली किंवा जोडीदार गमावलेली नायिका शहर सोडते आणि दूरच्या डोंगराळ गावात राहायला जाते. तिथे तिला एक पडके घर मिळते, एक अबोल पुरुष भेटतो आणि हळूहळू तिचे मन पुन्हा आयुष्यात रमू लागते. लोकप्रिय इंग्रजी कादंबरीतली ही कथा जगभर आवडीने वाचली जाते. रॉबिन कार यांची ‘व्हर्जिन रिव्हर’ ही कादंबरी २००७ मध्ये आली आणि २०१९ पासून तिच्यावरची मालिका नेटफ्लिक्सवर दिसू लागली. मराठीतही ‘प्रतिलिपी’सारख्या ॲपवर प्रेमकथांना मोठा वाचकवर्ग आहे. या कथांकडे पाहून नाक मुरडावे असे काही नाही. मोडलेल्या आयुष्याची नव्याने मांडणी करता येते, हा त्यांचा विश्वास अनेक वाचकांना, विशेषतः स्त्रियांना, खराखुरा आधार देतो. पण मराठीत अशी कादंबरी लिहायची तर तिच्यातले गाव रिकामे ठेवून चालणार नाही, असे मला ठामपणे वाटते. सामाजिक कर्तव्याचा मुद्दा आहेच, पण त्याहून आधी प्रश्न कादंबरी चांगली होण्याचा आहे.

मुंबईच्या वाचकाला असे गाव शोधायला फार लांब जावे लागत नाही. कसाऱ्याच्या लोकलने निघाले की आसनगाव, आटगाव, खर्डी ही शहापूर तालुक्यातली स्थानके लागतात आणि कल्याणहून माळशेज घाटाची वाट धरली की मुरबाड येते. एका तालुक्यात माहुली आणि आजोबाचा डोंगर, दुसऱ्यात सिद्धगड, गोरखगड आणि नाणेघाटाचा पायथा. भातखाचरांत आवणी चालू असताना हा मुलूख इतका देखणा दिसतो, की इथेच येऊन राहावे असे कुणालाही वाटेल. ही ओढ लेखकांच्या आधी जमिनीच्या व्यापाऱ्यांनी ओळखली. फार्महाऊस आणि सेकंड होमच्या जाहिराती या भागाला नव्या नाहीत. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हा शहापूर मोटारीने येणाऱ्यांना आणखी जवळ आले. जाहिरातीत डोंगर असतात, पाऊस असतो, धुके असते, पण तिथे पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसे नसतात. कादंबरीनेही गाव तसेच रंगवले, तर ती प्लॉटच्या जाहिरातीपेक्षा वेगळे काय सांगणार?

प्रेमकथा अडथळ्यांवर उभी राहते. दोघे एकमेकांना आवडले आणि सुखाने नांदू लागले, एवढ्यावर कादंबरी होत नाही. साचेबंद कथेत हा अडथळा बहुधा शहरातून येतो, कधी जुन्या प्रियकराच्या रूपाने, तर कधी परत बोलावणाऱ्या नोकरीच्या रूपाने. शहापूरला मात्र अडथळे उसने आणावे लागत नाहीत. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले, मोडकसागर १९५७ साली, नंतर भातसा आले. मुंबईच्या रोजच्या पाण्यातले जवळपास निम्मे एकट्या भातसातून जाते. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळा आला की विहिरी आटतात आणि बायका टँकरची वाट पाहत बसतात. मुंबईहून आलेली नायिका जन्मभर याच तालुक्याचे पाणी प्यायलेली असते. तिला ते ठाऊक नसते, पण ज्याच्यावर तिचा जीव जडतो त्याला, त्याच्या आईला, बहिणीला ते चांगले ठाऊक असते. दोघांच्या मधोमध उभा असलेला हा हिशेब कोणत्याही जुन्या प्रियकराहून मोठा आहे. तो कसा सुटतो, किंवा न सुटताही दोघे एकत्र कसे राहतात, हे वाचायला कुणाला आवडणार नाही?

घराचेही तेच. परदेशी कथेत नायिका पैसे मोजते आणि घराची किल्ली घेते. इथे १९४८च्या कूळकायद्यामुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. हे कायदे जमीन हातची जाऊ नये म्हणून झाले आणि ते होण्याआधी व नंतरही जमिनी गेल्याच. म्हणून सातबाऱ्यावर नाव कुणाचे, कसत कोण होते, २००६च्या वनहक्क कायद्याखाली केलेल्या दाव्याचे काय झाले, या प्रश्नांना बगल देऊन नायिकेला तिथे बिऱ्हाड थाटता येणार नाही. तिच्या शेजारी कातकरी वाडी असेल आणि अनेक वाड्यांप्रमाणे तिथल्या झोपड्याही दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर असतील. हक्काच्या घरासाठी आसुसलेली नायिका आणि घराखालची जमीन आपली नाही हे जाणून जगणारी शेजारीण, या दोघींची ओळख कादंबरीत व्हायलाच हवी.

इथे आयुष्य नव्याने मांडणारी माणसे आधीपासूनच आहेत. फरक एवढाच, की कादंबरीची नजर त्यांच्याकडे वळत नाही. ठाणे जिल्ह्यातली कितीतरी आदिवासी कुटुंबे भातकापणी उरकली की वीटभट्टीवर जातात. उचल आधीच घेतलेली असते आणि ती फेडायला नवरा-बायको दोघेही राबतात. पावसाच्या तोंडावर परत आले की घर शाकारणे, राब भाजणे, पोरांना पुन्हा शाळेत बसवणे, सगळे पहिल्यापासून. नव्याने लग्न झालेल्या जोडप्याचा पहिला संसार भट्टीवरच्या खोपटात उभा राहतो, तेव्हा ती प्रेमकथा नसते काय? मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांची ती कल्पना. साठी ओलांडलेल्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून शाळेत आल्या आणि अंगठ्याच्या जागी सही करू लागल्या. शहरातून दमून आलेल्या नायिकेला नव्या सुरुवातीचा अर्थ या आजींकडून शिकता येईल.

मराठी कादंबरीला ही नजर परकी नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त तरुण मास्तर आडवळणाच्या धनगरवाडीवर जातो, पण कादंबरी त्याची एकट्याची राहत नाही. दुष्काळ पडतो, वाडी उठते आणि वाचकाच्या मनात वाडीच घर करून राहते. गो. नी. दांडेकरांच्या ‘माचीवरला बुधा’त म्हातारा बुधा मुंबई सोडून राजमाचीला परततो, तो तिथलाच म्हणून. त्यांच्याच ‘पडघवली’त लग्न होऊन आलेली अंबूवहिनी डोळ्यांदेखत खचत जाणाऱ्या गावाची कहाणी सांगते. शिवाय ‘व्हर्जिन रिव्हर’ची नायिकाही गावाला बांधली जाते ती मुख्यतः कामामुळे. ती परिचारिका आणि सुईण आहे, तिच्या हातून गावातली बाळंतपणे होतात. रस्ता नसल्याने गरोदर बाईला झोळीतून दवाखान्यात न्यावे लागल्याच्या बातम्या शहापूर तालुक्यातून पुन्हा पुन्हा आल्या आहेत. अशा ठिकाणी आलेली परिचारिका, शिक्षिका किंवा डॉक्टर निव्वळ डोंगर पाहत बसू शकणार नाही. परदेशी साच्यातले उसने घ्यायचेच तर कामाचे हे नाते घ्यावे.

यावर एक आक्षेप येणारच. दिवसभराच्या कामाने थकलेली वाचक रात्री प्रेमकथा उघडते ती विसाव्यासाठी, तिथेही टँकर आणि सातबारा कशाला? तिचा विसाव्याचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. पण कथेतला विसावा अडचणी वगळून मिळत नाही, त्या पार केल्यावर मिळतो. गोड शेवट वाचकाला पटतो तो त्यासाठी पात्रांनी काही सोसले, काही सोडले म्हणून. पाड्यावर पाणी आले आणि त्याच दिवशी दोघांनी लग्न ठरवले, तर तो शेवट अधिक गोड होईल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शहरी लेखकाने कातकरी, ठाकूर, वारली यांच्याविषयी लिहिले तर त्यांचे पुन्हा एक चित्रच होईल आणि शहरातून आलेली बाई त्यांची तारणहार ठरेल. हा धोका खरा आहे. पण माणसे वगळल्याने तो टळत नाही, उलट वगळणे हाच अधिक मोठा अन्याय होतो. नायिकेला गावाची तारणहार न करता गावाची ऋणी केले, तिला चुकू दिले, गावाला तिला नाही म्हणू दिले, तर निम्मा धोका सरतो. उरलेला निम्मा सरण्यासाठी या तालुक्यांतल्या मुलामुलींच्या हातात लेखणी असायला हवी. आश्रमशाळांतून आणि मुरबाड-शहापूरच्या महाविद्यालयांतून शिकलेली पिढी फोनवर वाचते आहे, लिहितेही आहे. तिला भट्टीवरचे प्रेम, आवणीच्या बांधावरचे रुसवेफुगवे आणि वाडीवर परतण्यातला आनंद सांगायला कुणाकडून साचा उसना घ्यायची गरज नाही.

म्हणून प्रकाशकांना, संपादकांना आणि कथा स्पर्धा भरवणाऱ्यांना विनंती आहे. गावाकडच्या प्रेमकथा जरूर मागवा, त्या भरपूर छापा, पण त्या मागवण्यासाठी शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाड्याच्या वाचनालयांपर्यंत आणि महाविद्यालयांपर्यंत जा. आणि वाचकांनी अशी कादंबरी हाती आली की एकच प्रश्न विचारावा. नायिकेने आयुष्य नव्याने मांडले, त्या गावात तिच्याशिवाय आणखी कुणाला ते मांडता आले का? उत्तर ‘हो’ असेल तर ती कादंबरी दुसऱ्यालाही वाचायला द्यावी.