वंशावळीचा कागद आणि आरोग्याचा दाखला

दुकानासाठी माल घेताना दहा वेळा पारख करणारा व्यापारी घरात पिल्लू आणताना मात्र मुलांच्या हट्टापुढे एका भेटीतच सौदा पक्का करतो. विक्रेत्याने वंशावळीचा कागद आणि लसींची नोंदवही दाखवली की त्याचे समाधान होते. वस्तुतः वंशावळ कुळ सांगते, प्रकृती सांगत नाही. आणि लस संसर्गापासून वाचवते, आनुवंशिक दोषांपासून नव्हे.

आपल्याकडे घरोघरी आढळणाऱ्या लॅब्राडोरचेच उदाहरण घ्यावे. या जातीत 'हिप डिस्प्लेझिया' हा खुब्याचा दोष आढळतो. मांडीच्या हाडाचा गोल माथा खोबणीत नीट बसत नाही. सांधा सैल राहून झिजतो आणि पुढे संधिवात जडतो. दोन महिन्यांचे पिल्लू पाहून हे बहुधा कळत नाही. म्हणून तपासणी त्याच्या आईबापांची व्हावी लागते. ब्रिटनमध्ये कुत्रे किमान एक वर्षाचे झाल्यावर क्ष-किरण चित्रावरून तज्ज्ञ प्रत्येक खुब्याला ० ते ५३, म्हणजे एकूण ० ते १०६ गुण देतात. येथे गुण जितके कमी तितका सांधा उत्तम.

दुसरी तपासणी जनुकांची. लॅब्राडोरमध्ये दृष्टिपटल हळूहळू निकामी करून अंधत्व आणणारा एक विकार आहे. सदोष जनुक आई व बाप या दोघांकडूनही आले तरच तो होतो. एकाकडूनच आले तर कुत्रे निरोगी राहते, पण वाहक ठरते. दोन वाहकांच्या प्रत्येक पिल्लाला विकाराचा धोका चारात एक असतो. वाहकाची जोडी निर्दोष कुत्र्याशी लावली, तर एकाही पिल्लाला तो होत नाही. म्हणजे वाहक कुत्रे त्याज्य नाही; जोडी अज्ञानाने लावणे त्याज्य आहे. जात बदलली की तपासणीही बदलते: डाल्मेशियनची श्रवणशक्ती पाहावी, पगचे श्वसन.

खरेदीदाराने दोन्ही पालकांचे दाखले मागावेत, त्यांवरील मायक्रोचिपचा क्रमांक जुळवावा, प्रती ठेवाव्यात आणि पिल्लांची आई प्रत्यक्ष पाहावी. 'डॉक्टरांनी पाहिले आहे' हे उत्तर म्हणजे दाखला नव्हे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रजनन करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे, आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. त्याहून लहान पिल्लू कोणी पुढे केले, तर तेथूनच परत फिरावे.

दाखला म्हणजे हमी मात्र नव्हे. खुब्याच्या दोषात आनुवंशिकतेइतकेच वाढत्या वयातील आहार, वजन आणि व्यायाम यांनाही महत्त्व असते. उत्तम सांध्यांच्या जोडीलाही क्वचित सदोष पिल्लू होते. तपासणीने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून शंभर टक्के खात्री देणाऱ्यापेक्षा 'हे तपासले, हे तपासलेले नाही' असे स्पष्ट सांगणारा अधिक विश्वासार्ह.

असे दाखले आपल्याकडे सहज मिळत नाहीत, हे खरे. परंतु ज्याला मागणी नाही त्याची आवक होत नाही, हे व्यापाऱ्याला कोणी सांगावे? गिऱ्हाईक विचारू लागले की विक्रेता तपासू लागेल. तोवर चार महिने थांबावे लागले तरी हरकत नाही. पिल्लू दहा-बारा वर्षे घरात राहणार आहे. आणि घाईची किंमत खरेदीदाराच्या खिशाइतकीच त्या मुक्या जिवाच्या सांध्यांनाही मोजावी लागते.